आळशी नव्हे, दमलेला!
डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांचे रक्ताभिसरण आणि व्यायाम

“डॉक्टर, घरात सगळं करतो हो हा. पण जिना आला की मधेच बसतो. मग हलायचं नाव नाही. मुद्दाम करतो बघा!”

डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढ मुलामुलींचे आईवडील माझ्याकडे येतात तेव्हा ही तक्रार हमखास ऐकायला मिळते. घाटकोपर किंवा अंधेरी स्टेशनचा पूल, संध्याकाळची गर्दी आणि पायरीवर बसलेला पंचवीस-तीस वर्षांचा मुलगा. मागचे लोक ओरडतात, आई ओशाळते, वडील दंडाला धरून ओढतात. घरी आल्यावर ‘आळशी’, ‘हट्टी’, ‘लाडावलेला’ ही विशेषणे ठरलेली. हळूहळू त्याला बाहेर नेणेच बंद होते.

वाचकहो, आज मला एवढेच सांगायचे आहे की, यातले बरेचसे बसणे हा आळस नसतो. डाऊन सिंड्रोममध्ये व्यायामाच्या वेळी हृदयाचे ठोके हवे तेवढे वाढत नाहीत आणि काम करणाऱ्या स्नायूंकडे रक्त वळवण्याची शरीराची यंत्रणाही मंद असते. त्यामुळे आपल्याला जो जिना किरकोळ वाटतो तो त्याला खरोखरच जड जातो. हे ध्यानात घेऊन व्यायाम आखला, तर त्याची ताकद नक्की वाढवता येते.

आता ही ‘मुले’ मोठी होत आहेत

आपल्या प्रत्येक पेशीत 46 गुणसूत्रे असतात. डाऊन सिंड्रोममध्ये 21 क्रमांकाच्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते, म्हणजे एकूण 47. इंग्लंडमधील डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी 1866 मध्ये या स्थितीचे वर्णन केले आणि तिचे कारण हे जादा गुणसूत्र आहे, हे 1959 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. साधारण 700 ते 1000 जन्मांमागे एक बाळ असे असते. हा कोणाचा दोष नाही, ग्रहणाचा परिणाम नाही आणि संसर्ग तर नाहीच. पूर्वी वापरला जाणारा ‘मंगोल’ हा शब्द अपमानकारक आहे. तो आता कोणी वापरू नये.

पूर्वी ही मुले फार जगत नसत. अमेरिकेत 1983 च्या सुमारास त्यांचे सरासरी आयुष्य 25 वर्षे होते, आज ते 60 च्या आसपास आहे. जन्मजात हृदयदोषावर वेळेत शस्त्रक्रिया होऊ लागल्या, जंतुसंसर्गावर औषधे आली. आपल्याकडेही चाळिशी-पन्नाशीचे डाऊन सिंड्रोम असलेले लोक आता दिसतात.

पण त्याचबरोबर एक नवी काळजी आली आहे. बोरिवली-मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये मी असे घर पाहतो: आई सत्तरीची, मुलगा चाळिशीचा, घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. मुलाच्या पायांतले बळ गेले तर तो एकटाच घरात अडकत नाही, त्याच्याबरोबर आईही अडकते. म्हणून व्यायामाचा विषय इथे ‘फिटनेस’च्या हौसेचा नाही, तो रोजच्या जगण्याचा आहे.

जिना चढताना शरीरात काय घडते?

आपण स्वस्थ बसलेले असतो तेव्हा हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फिरवते. त्यातले जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंकडे जाते. बाकीचे पोट, मूत्रपिंडे, मेंदू, त्वचा अशा अवयवांना मिळते. जोराचा व्यायाम सुरू झाला की तरुण माणसाचे हृदय मिनिटाला 15 ते 20 लिटरपर्यंत रक्त फेकते आणि त्यातले 80 टक्के किंवा त्याहून अधिक स्नायूंकडे वळवले जाते. कारण स्नायूंना प्राणवायू हवा असतो आणि तो रक्तातूनच पोचतो.

यासाठी शरीराला दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, पंप जोरात चालवायचा. दुसरी, पाणी कुठे सोडायचे ते ठरवायचे. ही दोन्ही कामे आपल्या नकळत चालणारी स्वायत्त मज्जासंस्था पाहते. डाऊन सिंड्रोममध्ये नेमकी हीच यंत्रणा सावकाश चालते.

पंपाचा वेग

हृदयावर एक ब्रेक असतो आणि एक अॅक्सिलरेटर. व्हेगस नावाचा मज्जातंतू हा ब्रेक. चालायला लागलो की हा ब्रेक सैल होतो आणि ठोके वाढतात. श्रम आणखी वाढले की अॅड्रिनलिन व नॉरअॅड्रिनलिन ही द्रव्ये रक्तात येतात आणि अॅक्सिलरेटर दाबला जातो.

डाऊन सिंड्रोममध्ये विश्रांतीच्या वेळचे ठोके साधारण तुमच्याआमच्याएवढेच असतात. फरक पडतो तो श्रमाच्या वेळी. ब्रेक पुरता सुटत नाही आणि अॅक्सिलरेटर नीट दाबला जात नाही. अमेरिकेतील संशोधक बो फर्नहॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले की पूर्ण दमेपर्यंत व्यायाम केल्यावरही डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या रक्तात ही दोन द्रव्ये फारच थोडी वाढतात. इतरांच्यात ती कितीतरी पटींनी वाढतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्यांचे हृदय जन्मतः निर्दोष आहे, टू-डी एको अगदी नॉर्मल आहे, अशा व्यक्तींमध्येही हा फरक आढळतो. त्यामुळे “रिपोर्ट चांगला आहे, मग दमतो कसा?” या प्रश्नाचे उत्तर एकोच्या कागदावर सापडत नाही.

चावीवाला उशिरा येतो

दुसरे काम रक्त वळवण्याचे. आपल्या उपनगरांत पाणी कसे येते ते आठवा. पालिकेचा चावीवाला एका भागाचा व्हॉल्व्ह बंद करतो तेव्हा दुसऱ्या भागाला जोर मिळतो. सगळ्यांचेच व्हॉल्व्ह उघडे राहिले तर वरच्या मजल्यावर नळाला फुसफुस आवाज येतो, पाणी काही येत नाही.

शरीरातही तसेच आहे. व्यायामाच्या वेळी पोटाकडच्या आणि विश्रांती घेणाऱ्या भागांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. काम करणाऱ्या स्नायूंतल्या वाहिन्या मात्र तिथल्या तिथे तयार होणाऱ्या रसायनांमुळे रुंद होतात. अशा रीतीने रक्त हवे तिकडे जाते.

ही यंत्रणा तपासण्यासाठी संशोधक माणसाला आडवे झोपवून कमरेखालच्या भागाभोवती हवा खेचून घेतात. रक्त पायांकडे ओढले जाते. अशा वेळी निरोगी शरीर लगेच हातांतल्या वाहिन्या आवळून रक्तदाब सांभाळते. डाऊन सिंड्रोममध्ये हे आवळणे कमी दिसते. हाताने मूठ दाबण्याचा व्यायाम करवून हातातला रक्तप्रवाह मोजण्याचे प्रयोगही झाले आहेत. रक्त गरजेप्रमाणे वळवण्याचे काम इथे अधुरे पडते, असे या अभ्यासांतून पुढे आले आहे.

म्हणजे पंप कमी वेगाने चालतो आणि चावीवालाही सुस्त. मग जिन्याच्या मधल्या पायरीवर मांड्यांतल्या स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. पाय भरून येतात. आपल्याला काय होते आहे हे शब्दांत सांगणे त्याला जमत नाही, म्हणून तो बसतो. त्याच्या परीने त्याने सांगितलेले असते. आपणच ते ऐकत नाही.

या स्थितीची एक चांगली बाजूही सांगायला हवी. डाऊन सिंड्रोममध्ये रक्तदाब बहुधा कमीच असतो आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचण्याचे प्रमाणही कमी आढळते. म्हणजे त्यांचे दमणे हे आपल्या ओळखीच्या ‘ब्लॉकेज’सारखे नव्हे.

भर घालणारी इतर कारणे

स्नायू जन्मापासून सैल असतात, सांधे लवचीक असतात, पाय फाकवून चालण्याची सवय असते. त्यामुळे तेवढेच अंतर चालायला त्यांना आपल्यापेक्षा अधिक शक्ती लागते, विशेषतः वेग वाढला की. सुमारे निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. थायरॉइडचे काम मंदावणे सर्रास आढळते. जीभ आणि घशाची ठेवण यामुळे झोपेत श्वास अडखळतो. असा माणूस रात्रभर घोरतो, सकाळी थकलेलाच उठतो आणि दिवसा पेंगतो. त्यात वजन वाढले की सगळ्यावर कळस.

या सगळ्याचा परिणाम असा की डाऊन सिंड्रोम असलेल्या विशी-तिशीच्या तरुणाची दम टिकवण्याची क्षमता कित्येकदा साठीच्या हृदयरुग्णाच्या जवळपास भरते. आपण त्याच्याकडून मात्र त्याच्या वयाच्या चालीची अपेक्षा करतो.

नाडीच्या गणिताची फसगत

हल्ली व्यायामशाळांमध्ये एक सूत्र वापरतात: 220 उणे वय, म्हणजे कमाल ठोके. पंचवीस वर्षांच्या तरुणासाठी 195. याच्या 85 टक्के म्हणजे सुमारे 166 ठोक्यांपर्यंत न्या, असे सांगितले जाते. ट्रेडमिलवरच्या हृदयतपासणीतही हाच आकडा गाठण्याची अपेक्षा असते.

फर्नहॉल आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये डाऊन सिंड्रोमसाठी निराळे सूत्र दिले. त्याप्रमाणे पंचवीस वर्षांच्या डाऊन सिंड्रोम असलेल्या तरुणाचे कमाल ठोके येतात सुमारे 165. म्हणजे इतरांना जी 85 टक्क्यांची पातळी, ती याची शंभर टक्के! प्रशिक्षकाने “अजून थोडं, अजून थोडं” म्हणत त्याला 166 वर न्यायचे ठरवले, तर तो त्याला पूर्ण दमेपर्यंत पळवत असतो. आणि तो थांबला की शेरा पडतो, ‘सहकार्य करत नाही’.

म्हणून माझी पालकांना विनंती आहे की मनगटावरच्या घड्याळातला नाडीचा आकडा विसरा. त्याऐवजी बोलण्याची कसोटी वापरा. चालताना तो दोन-चार शब्द बोलू शकतो, आवडीचे गाणे गुणगुणू शकतो, तोवर श्रम बेताचे. बोलणे बंद झाले, तोंड उघडे पडले, चेहरा ओढला, चाल अडखळली की श्रम जास्त झाले. जो बोलत नाही त्याच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवावे. आईला ते बरोबर कळते.

व्यायामाने फरक पडतो का?

हा प्रश्न रास्त आहे. गुणसूत्र बदलता येत नाही, आणि मज्जासंस्थेची ही ठेवण व्यायामाने पूर्ण बदलते असेही नाही. पण नियमित व्यायामाने दम वाढतो, स्नायू बळकट होतात, तेवढेच काम कमी श्रमात होते. ऑस्ट्रेलियात नोरा शील्ड्स यांच्या गटाने डाऊन सिंड्रोम असलेल्या तरुणांना आठवड्यातून दोनदा, असे 10 आठवडे, फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांच्या सोबतीने वजनांचे व्यायाम दिले. हातापायांची ताकद वाढली. सोबत असणे हा त्या योजनेचा महत्त्वाचा भाग होता. त्यांना सूचनांपेक्षा सोबतीचा उपयोग अधिक होतो, हा माझाही अनुभव आहे.

आपल्याकडचे उदाहरण तर बहुतेकांना ठाऊक आहे. पुण्याच्या गौरी गाडगीळ हिने डाऊन सिंड्रोम असताना पोहण्यात प्रावीण्य मिळवले, 2007 मध्ये शांघाय येथे झालेल्या स्पेशल ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवले आणि 2014 मध्ये आलेल्या ‘यलो’ या मराठी चित्रपटात स्वतःची भूमिका स्वतःच केली. प्रत्येकाने पदक आणावे असे नाही. पण ‘यांच्याच्याने काही होत नाही’ हे म्हणणे खोटे आहे, एवढे त्यावरून पटावे.

पोहणे या लोकांना मानवते याचे शरीरशास्त्रीय कारणही सांगता येईल. पाण्यात माणूस आडवा असतो आणि पाण्याचा दाब पायांतले रक्त हृदयाकडे ढकलतो. जे काम रक्तवाहिन्यांनी आवळून करायचे, त्यात पाणी हातभार लावते. सांध्यांवर भारही पडत नाही. पालिकेचे तरणतलाव अंधेरी, मुलुंड अशा ठिकाणी आहेत. मात्र पाण्यात सोबत कायम हवी, आणि मानेची तपासणी झाल्याशिवाय सूर मारणे व बटरफ्लाय हा प्रकार नको.

सुरुवात करण्यापूर्वी

चार गोष्टी तपासून घ्याव्यात.

1. हृदय: लहानपणी टू-डी एको झाला असला तरी मोठेपणी पुन्हा करावा. प्रौढपणी झडपांचे दोष नव्याने उद्भवू शकतात.

2. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन: थायरॉइडची रक्ततपासणी वर्षातून एकदा. ही दोन्ही कारणे औषधाने सुधारतात.

3. मान: काहींच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. मान दुखणे, मान एका बाजूला धरणे, चाल बदलणे, हात लुळे पडणे अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय व्यायाम करू नये. कोलांटउड्या, शीर्षासन, मानेला हिसका बसेल असे खेळ टाळावेत.

4. झोप: घोरणे आणि मधेच श्वास थांबणे दिसले तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

व्यायाम कसा करावा?

पहिले दोन आठवडे सपाट जागेवर फक्त दहा मिनिटे चालणे, सकाळी आणि संध्याकाळी. बोरिवलीकरांना राष्ट्रीय उद्यान आहे, इतरांना मैदान, सोसायटीचे आवार, तालुक्याच्या गावी शाळेचे पटांगण. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवत न्यावी. दोन-तीन महिन्यांत अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढे साधले की उत्तम.

सुरुवातीची दहा मिनिटे अगदी सावकाश चालावे. त्यांच्या हृदयाला वेग घ्यायला वेळ लागतो. शेवटही असाच करावा. एकदम थांबून उभे राहिले की रक्त पायांत साचते आणि घेरी येते. झोपेतून, आंघोळीच्या पाटावरून किंवा उकिडव्या बसण्यातून एकदम उठू देऊ नये.

आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, एक लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन वर उचलणे. प्रत्येकी आठ-दहा वेळा, मधे दोन मिनिटे विश्रांती. खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम म्हणजे जिन्याचीच पूर्वतयारी आहे.

जिन्याची सवय वेगळी लावावी. निम्मा जिना चढला की थांबायचेच, दमला असो वा नसो. थांबणे हे ठरलेले असले की बसून राहणे आपोआप कमी होते. स्टेशनवर लिफ्ट किंवा सरकता जिना असेल तिथे गर्दीच्या वेळी खुशाल वापरावा. त्यात कमीपणा नाही.

मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात व्यायाम सकाळी लवकर उरकावा. उकाड्यात अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे जाते आणि स्नायूंचा वाटा आणखी घटतो. पाणी मागण्याची वाट न पाहता द्यावे. आणि शक्य असेल तर घरातल्या कोणीतरी बरोबर चालावे. भाऊ, वहिनी, शेजारचा मुलगा, कोणीही चालेल.

केव्हा थांबावे?

ओठ किंवा नखे निळी पडणे, छातीत दुखणे, घेरी येणे, पावलांवर सूज, आडवे झाल्यावर धाप लागणे. यातले एक जरी दिसले तरी व्यायाम बंद करून डॉक्टरांकडे जावे.

शेवटी एक धोक्याची सूचना. काल-परवापर्यंत दोन मजले चढणारा माणूस काही आठवड्यांत चढेनासा झाला, तर ‘डाऊन आहे, वय झालं’ असे म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, रक्तक्षय, हृदयाची झडप, झोपेतला श्वासविकार, मानेतल्या मज्जारज्जूवर दाब, मन उदास होणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि यातल्या बहुतेकांवर उपाय आहे. चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाची सुरुवातही या लोकांत इतरांपेक्षा लवकर होते, तीही तपासून घ्यावी. डाऊन सिंड्रोम जन्मापासून असतो. अचानक झालेल्या बदलाचे कारण दुसरेच असते आणि ते शोधावे लागते.

तोवर पुलावर तो बसला, तर दंडाला धरून ओढू नका. कठड्याच्या बाजूला घ्या, दोन मिनिटे बसू द्या, पाणी द्या. मग तोच उठेल.